सरासरीचे पाणी

पाणी हा विषय आपल्या सभांतून जितका गाजतो तितका तो वहीत उतरत नाही. धरणात किती अब्ज घनफूट साठा झाला हे वृत्तपत्रे पावसाळाभर नित्य छापतात. कालव्याचे आवर्तन केव्हा सुटणार या एका प्रश्नावर तालुक्याच्या निवडणुका फिरतात. परंतु ज्या पाण्यावर गावाचा उन्हाळा निभावयाचा, ते जमिनीच्या पोटातील पाणी आज किती हात खाली आहे आणि कोणत्या गुणाचे आहे असे विचारले, तर गावचा सरपंच, साखर कारखान्याचा संचालक आणि आमच्यासारखा पदवीधर हे तिघेही सारखेच निरुत्तर होतात. पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे तालुके पाण्याच्या बाबतीत अवघ्या महाराष्ट्राने अनुकरण करावे असे समजले जातात. म्हणूनच त्यांचे उदाहरण घेणे न्याय्य होईल. या तालुक्यांत भूजल मुळीच मोजले जात नाही असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की, ते जेथे मोजावयास हवे तेथे पुरेसे मोजले जात नाही. त्याची पातळी आणि त्याचा गुण यांचा हिशेब एकत्र ठेवला जात नाही. आणि जे काही मोजले जाते ते पाणी उपसणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही. अशा मोजणीने सरकारी अहवालाची पाने भरतात, पण लोकांना शहाणपण येत नाही.

हे दोन तालुके नकाशावर शेजारी असले तरी पाण्याच्या दृष्टीने ते दोन नसून निदान चार मुलूख आहेत. दक्षिणेस नीरेच्या काठाने डावा कालवा जातो. त्याच्या खालची जमीन बागायत, उसाने व्यापलेली. उत्तरेस मोरगाव, सुपे, लोणी भापकर या बाजूचा पट्टा जिरायत; तेथे माळ उघडा, पाऊस वर्षाकाठी अदमासे पाचशे मिलिमीटर, आणि तोही आला तर. इंदापुरात कालव्याच्या शेपटाची गावे निराळी, ज्यांच्यापर्यंत पाणी पोहोचेपर्यंत पिकाची पाळी टळून गेलेली असते. आणि भीमेच्या अंगाची गावे त्याहून निराळी, जेथे 1980 नंतर उजनीचे फुगवट्याचे पाणी येऊन उभे राहिले. या चार मुलखांत जमिनीखालचे पाणी चार तऱ्हांनी वागते. जिरायतीत ते खाली जाते. कालव्याखाली ते वर येते, आणि येताना मीठ घेऊन येते. एका गावी विहीर कोरडी म्हणून टँकर लागतो, तर दुसऱ्या गावी रान पाणथळ होऊन चोपण पडले म्हणून शेतकरी कपाळाला हात लावून बसतो.

ही दुसरी व्याधी आजकालची नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण आपल्याकडे प्रत्येक पिढी जुना रोग नव्याने शोधून काढते. 1876-77 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला आणि 1885 च्या सुमारास त्याचे पाणी शेतांतून खेळू लागले. अवघ्या पाव शतकात या कालव्याखालच्या जमिनी इतक्या खारावल्या की, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास करून 1910 मध्ये स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. पाटाचे पाणी अमर्याद द्यावयाचे, निचऱ्याला चर मात्र खोदावयाचे नाहीत. मग भूजलाची पातळी मुळांपर्यंत चढते, उन्हाने वरचे पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो, हा कार्यकारणभाव शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी कळून चुकलेला होता. 1916 मध्ये मुंबई सरकारने दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ व खारवट जमिनींचा विचार करण्यासाठी पाटबंधाऱ्यांचा एक विशेष विभाग काढला. हाच विभाग वाढत वाढत खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाला, आणि आज मोठमोठ्या धरणांचे व बंदरांचे नमुने तेथे तपासले जातात. संस्था वाढली, तिचे नाव झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्या मिठाच्या निमित्ताने ती जन्मली ते मीठ मात्र कालव्याखालच्या रानांतून अद्याप गेलेले नाही.

आता या भूमीची घडण पाहू. आपला दख्खन म्हणजे एकावर एक थिजलेल्या लाव्ह्याचे थर. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटका खडक, कोठे मऊ मांजऱ्या, कोठे अभेद्य काळा पाषाण. वाळूच्या प्रदेशात जमिनीखाली जसा अखंड जलाशय असतो तसा येथे नाही. येथे पाणी असते ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून. या खडकाची साठवणूक भूजलशास्त्रज्ञ शेकडा दोनच्या आसपास धरतात. याचा अर्थ असा की, विहिरीतील पाणी एक मीटरने खाली गेले म्हणजे त्या भोवतालच्या जमिनीने वस्तुतः दोन सेंटिमीटर पाणीच दिलेले असते. तिजोरी खोल दिसते, पण तिच्यात नाणी थोडी आहेत.

हे न उमजल्यामुळे केवढी भूल होते ते साध्या त्रैराशिकाने दाखविता येईल. पाट भरून भिजविलेल्या उसाच्या एका एकराला वर्षाकाठी सुमारे दोन मीटर पाणी लागते असे धरू. ते सगळे विहिरीतून उपसावयाचे तर पन्नास एकरांखालची पातळी दोन मीटरांनी उतरली पाहिजे. पुनर्भरणाच्या बाजूने पाहिले तरी चित्र तेच. पाचशे मिलिमीटर पावसापैकी अशा खडकात मुरते ते फार तर दहावा हिस्सा, म्हणजे पन्नास मिलिमीटर. तेव्हा एक एकर ऊस चाळीस एकरांवर मुरलेला पाऊस एकटा पिऊन टाकतो. दिलेल्या पाण्यापैकी काही अंश परत खाली झिरपतो तो वजा करा, ठिबकाने होणारी बचत वजा करा, आणि तरीही जो आकडा उरेल तो शेजारच्या एकोणचाळीस एकरांना विचारून पाहा.

आणि आपला कायदा याबाबत काय म्हणतो? 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा जमिनीच्या मालकास आपल्या हद्दीतील भूमिगत पाणी हवे तसे गोळा करण्याचा अधिकार मान्य करतो. पुरलेला हंडा ज्याच्या शेतात सापडेल त्याचा, तद्वत पाणी ज्याच्या बांधाच्या आत लागेल त्याचे! पण हंडा जागचा हलत नाही, आणि पाण्याला बांध ठाऊक नाही. माझ्या बोअरमध्ये जे वर येते ते काल शेजाऱ्याच्या विहिरीखाली होते, हे ज्या दिवशी मान्य होईल त्या दिवशी मोजणी ही खाजगी हौस न राहता सार्वजनिक कर्तव्य ठरेल.

येथे कोणी म्हणेल की, सरकार मोजतेच आहे. होय, मोजते. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. ती आणि केंद्रीय भूजल मंडळ ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतात. त्या नोंदी कष्टाने घेतलेल्या असतात, आणि त्या खात्यांतील माणसांचा उपहास करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु त्या नोंदींचे पुढे काय होते? आकारणी पाणलोटाच्या हिशेबाने होते, पण जाहीर होते ती बहुधा तालुक्याच्या नावाने. उपसा पुनर्भरणाच्या शेकडा सत्तरांच्या आत असला तर तालुका ‘सुरक्षित’, नव्वदपर्यंत ‘अंशतः शोषित’, शंभरापर्यंत ‘शोषित’, आणि त्यापलीकडे ‘अतिशोषित’. वृत्तपत्रात हा एक शब्द येतो, वाचक तो वाचतो आणि सुटकेचा किंवा काळजीचा सुस्कारा टाकून पान उलटतो.

समजा, जिरायतीतील एक विहीर तीन मीटरनी खाली गेली आणि कालव्याखालची एक विहीर तीन मीटरनी वर आली. दोहोंची सरासरी शून्य. तालुक्यात काही बिघडले नाही! वस्तुतः एका ठिकाणी तहान आणि दुसऱ्या ठिकाणी मीठ, अशी दोन संकटे उभी आहेत. पण बेरजेत त्यांनी परस्परांस गिळून टाकले. रुग्णाचे पाय बर्फासारखे गार आणि डोके तापाने फणफणलेले असता सरासरी प्रकृती उत्तम असल्याचा दाखला देणारा वैद्य आपण घरात उभा करणार नाही. तालुक्याच्या प्रकृतीचा तसलाच दाखला मात्र आपण आनंदाने स्वीकारतो. 2018-19 आणि 2023-24 या टंचाईच्या सालांत बारामतीच्या जिरायत गावांना टँकर लागले. त्याच काळात कालव्याखाली आडसाली ऊस उभाच होता. हे दोन्ही एकाच तालुक्यात घडले, आणि म्हणूनच तालुका हे भूजल मोजण्याचे माप नव्हे.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. निरीक्षणासाठी घेतलेल्या विहिरी बहुतांशी जुन्या, उघड्या, उथळ थरातल्या. आणि आजचा उपसा मात्र वाढत्या प्रमाणात खोल विंधण विहिरींतून होतो. म्हणजे पैसे एका पेढीतून काढावयाचे आणि वही दुसऱ्या पेढीची तपासावयाची. वरची विहीर श्रावणात भरलेली दिसते म्हणून लोक निश्चिंत असतात. खालच्या भेगा दरसाल अधिक रिकाम्या होत असतात, त्यांच्या तोंडाशी कोणी दिवा धरीत नाही.

तिसरा दोष गुणाविषयीचा. केंद्रीय मंडळ पातळी चार वेळा पाहत असले तरी पाण्याचा नमुना पुष्कळ वर्षे उन्हाळ्यात एकदाच घेतला जाई. जणू पाणी म्हणजे केवळ खोली! ज्या रानात दर हंगामाला पोत्यांनी युरिया पडतो, तेथील विहिरीत नायट्रेट उतरणे अपरिहार्य आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा दर लिटरला 45 मिलिग्रॅम इतकी ठरविली आहे. ती मर्यादा तान्ह्या मुलांसाठी विशेष महत्त्वाची, कारण अधिक नायट्रेटाने त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मचूळ पाणी जिभेला कळते; हे कळत नाही. आणि आपल्या घरोघरच्या मातांना जो उपाय पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पाणी उकळून द्यावे हा, तो येथे निरुपयोगीच नव्हे तर उलटा आहे. पाणी आटते आणि नायट्रेट मागे राहून त्याचे प्रमाण वाढते. या एका गोष्टीवरून तरी हे पटावे की, विहिरीच्या पाण्याची परीक्षा अनुभवावर सोपवून चालणार नाही.

या ठिकाणी विदर्भाकडे दृष्टी टाकणे उपयुक्त होईल. चंद्रपूर-वणी भागात, वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. खाण खोल गेली की तिच्यात भूजल उतरते. ते अखंड उपसावे लागते. आणि भोवतालच्या गावांच्या विहिरी आटतात. म्हणून अशा खाणीस पर्यावरण खात्याची परवानगी देताना अट घातली जाते की, खाणीच्या आसपास विहिरींचे व निरीक्षण-नलिकांचे जाळे उभारून पातळी वर्षातून चार वेळा आणि पाण्याचा गुण निदान उन्हाळ्यात मोजावा, आणि त्याचा अहवाल द्यावा. ही अट कोठे कितपत पाळली जाते हा निराळा वाद आहे. पण अट आहे; आणि तिच्या आधारे गावकऱ्याला जाब विचारता येतो. उसाच्या शिवाराला अशी कोणतीच अट नाही. 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी शेतीच्या उपशास परवानगीच्या बंधनातून वगळले आहे. कारण उघड आहे: खाणीला एक मालक असतो, त्याचे नाव लिहिता येते. उसाला हजारो मालक, आणि ते सारे मतदार. शासनाने दोन्हीकडे एकच न्याय लावावा, छोट्या शेतकऱ्याच्या दारी अधिकारी पाठवावा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जमिनीखालच्या पाण्याला कोळशाने खेचले काय आणि उसाने खेचले काय, ते सारखेच खाली जाते. तेव्हा एके ठिकाणी मोजणी आवश्यक आणि दुसऱ्या ठिकाणी अनावश्यक, या भेदाला शास्त्राचा आधार नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, शेतकऱ्यास आपली विहीर ठाऊक असते. त्याला दोरी-पट्टीची गरज काय? आपली विहीर त्याला ठाऊक असते हे खरेच. पण ती गेल्या दहा वर्षांत किती उतरली, आणि शेजारच्या शिवारातील पंधरा विहिरींशी तिचे नाते काय, हे स्मरणातून सांगता येत नाही. स्मरण चांगल्या पावसाने पुसले जाते. शिवाय ज्याला आपली विहीर पुरती ठाऊक आहे तोच नवीन बोअर घेताना तळहातावर नारळ धरून फिरणाऱ्या पाणाड्यास का बोलावतो, याचेही उत्तर आक्षेपकांनी द्यावे.

दुसरा आक्षेप, मोजल्याने पाणी वाढत नाही. नाही वाढत. जमाखर्च लिहिल्याने उत्पन्नही वाढत नाही. तरीपण दिवाळे कोठून निघाले ते वही नसलेल्या दुकानदारास कधी कळत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दरसाल पाऊस व विहिरी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावरून पिके ठरविली. आंध्र प्रदेशात 2003 पासून काही वर्षे सात जिल्ह्यांतील शेतकरी स्वतः विहिरींची पातळी घेत आणि गावाच्या भिंतीवर ती लिहीत. रब्बीत कोणते पीक घ्यावे हे त्या आकड्यांसमोर बसून ठरे. 2019 अखेर सुरू झालेल्या अटल भूजल योजनेनेही महाराष्ट्रात हाच मार्ग धरला. तेव्हा हे स्वप्नरंजन नव्हे. अल्पशिक्षित माणसांनी करून दाखविलेले काम आहे.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो बहुधा उघड बोलला जात नाही. आज पातळी मोजाल, उद्या मीटर बसवाल, परवा कर लावाल, ही ती भीती. 2009 च्या भूजल अधिनियमात, जो 2014 मध्ये अमलात आला, विहिरींची नोंदणी सांगितली आहे आणि शेतीसाठी साठ मीटरहून खोल विंधण विहीर घेण्यास मनाई आहे. तरी तिचे उल्लंघन ही कोणत्याही गावात गुपित गोष्ट नाही. अशा स्थितीत मोजपट्टी घेऊन आलेला मनुष्य शेतकऱ्यास हेरासारखा वाटला तर दोष केवळ त्याचा नव्हे. ही भीती उपदेशाने जाणार नाही. ती जाण्याचा एकच मार्ग आहे: मोजणी गावाची असावी, वही गावाची असावी, आणि आकडा कचेरीत जाण्यापूर्वी चावडीवर लागावा. जो आकडा सर्वांस दिसतो तो एकाविरुद्ध वापरणे कठीण. जो कपाटात असतो त्याचेच भय बाळगावे.

मग करावे काय? उपाय खर्चाचे नाहीत. प्रत्येक गावात उंचावरची, मधली आणि ओढ्याकाठची अशा निदान काही विहिरी निवडाव्यात. कालव्याखालच्या गावात पाटाजवळची आणि पाटापासून दूरची अशा दोन्ही असाव्यात. त्यांत एखादी बंद पडलेली खोल बोअर जरूर असावी. कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तिथीस, मोटार काही तास बंद ठेवून, त्याच खुणेपासून पट्टीने पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. त्याच वेळी खिशात मावणाऱ्या मापकाने पाण्याची विद्युतवाहकता पाहावी. ती वाढली की क्षार वाढला असे समजावे. नायट्रेट व क्लोराइड यांची परीक्षा वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, व्हावी. आकडे तालुक्याच्या सरासरीत न बुडविता विहिरीच्या नावानिशी चावडीवर, शाळेच्या भिंतीवर लिहावेत.

ही परीक्षा करणार कोण, असे विचारणाऱ्यांस आमचे उत्तर आहे: आमची महाविद्यालये. बारामतीत महाविद्यालये आहेत. त्यांच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतून पाण्यातील क्लोराइड व कठीणपणा मोजण्याचा प्रयोग पदवीचे विद्यार्थी दरसाल करतात, आणि त्यासाठी नळाचे पाणी घेऊन वहीत ठरलेले उत्तर उतरवितात. तोच प्रयोग सुप्याच्या वा लासुर्ण्याच्या विहिरीच्या पाण्यावर केला तर विद्यार्थ्यास रसायन अधिक कळेल आणि गावास आपले पाणी कळेल. माळेगावास 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे; दुष्काळ आणि क्षार हेच तिच्या अभ्यासाचे विषय. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालले आहेत. जमिनीतील ओलावा यंत्राने क्षणोक्षणी टिपला जातो. स्तुत्यच आहे. मग ज्या बुद्धिमत्तेस उसाच्या मुळाशी काय चालले आहे ते कळते तिला आणखी पन्नास फूट खाली उतरण्यास कोणी अडविले आहे? विद्या नाही, साधने नाहीत, ही सबब या तालुक्यांस तरी शोभणारी नाही.

शेवटी एक शब्द आपल्या वर्गाविषयी. या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांची शेती गावी वाट्याने लाविलेली आहे. उसाचे बिल बँकेत जमा होते आणि तेवढ्यापुरता गावाशी संबंध उरतो. शहरात आपण यंत्राने गाळलेले पाणी पितो, आणि टँकरची बातमी चहाबरोबर वाचतो. त्या चहात साखर कोणत्या पाण्याची, हे विचारीत नाही. वाटेकऱ्याने विहीर मोजावी असे सांगण्याचा अधिकार ज्यास हवा असेल त्याने प्रथम आपल्या नावच्या सातबाऱ्यावरील विहिरीची खोली, तिची आजची पातळी आणि तिच्या पाण्यातील नायट्रेट यांचे आकडे मागवून घ्यावेत आणि ते गावच्या चावडीवर लावण्यास संमती द्यावी. जमीनमालकांनीच हे केल्यावाचून लहान शेतकऱ्याची भीती जावयाची नाही, आणि ती जाईपर्यंत पुढल्या उन्हाळ्यातही सरासरी समाधानकारकच निघेल.